काहूनबाई

बाईंना विनोद कळत नाहीत, अशी आमच्या शाळेत त्यांची ख्याती होती. स्टाफरूममध्ये कुणी काही गंमत केली की बाकीचे हसून मोकळे होत, समोशाला हात घालत, आणि तेवढ्यात खिडकीशेजारच्या खुर्चीतून बाईंचा खणखणीत आवाज येई, "काहून?" म्हणजे त्यांच्या वैदर्भी बोलीत 'का?'. विचारून त्या थांबत नसत. चष्मा कपाळावर चढवून उत्तराची वाट बघत बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसत. आमचे खेळाचे ठाकूर सर एकदा नव्या चपराशाबद्दल म्हणाले, "बस्तर से आया है, लिफ्ट देखेगा तो पेड़ समझ के चढ़ जाएगा." सगळे हसले. बाई म्हणाल्या, "काहून जी? काहून चढेगा?" सर म्हणाले, "अरे बाई, जंगल से आया है ना." "मंग?" "मतलब, उधर लिफ्ट कहाँ होती है." बाई म्हणाल्या, "लिफ्ट तो अपने स्कूल में भी नहीं है. आप कौनसे झाड पे चढ़ते?" सरांनी आणखी काही वाक्यं समजावण्यात घालवली. पण समजावता समजावता त्यात हसण्यासारखं काही उरलंच नाही. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं आणि ग्राउंडवर निघून गेले.

'काहूनबाई' हे नाव मुलांनी ठेवलं की शिक्षकांनी, ते मला ठाऊक नाही. मी समता कॉलनीतल्या त्या शाळेत रुजू झाले तेव्हा ते आधीच पक्कं झालेलं होतं. घरी कधी मराठीचा एक शब्द न ऐकलेली मुलंही 'काहून मैडम का पीरियड' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नसे. "नाव ठेवलं म्हंजे आठवण ठेवली," म्हणायच्या. त्या गणित शिकवत. माहेर वर्ध्याकडचं, यजमान रेल्वेत, त्यांच्या बदलीबरोबर रायपूरला आल्या आणि रेल्वे कॉलनीत राहिल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, सुती साडी गुडघ्याला अडखळेल अशी घाईत नेसलेली. विदर्भातल्या बायका बोलतात तशा त्या 'मी येतो, मी जातो' म्हणत, आणि हिंदीत बोलू लागल्या की तिथलं लिंग-वचन अगदी बेवारशी होऊन जाई.

माझी गत उलटी होती. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात रायपूरला आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या पुरानी बस्तीत राहिलेलं. घरात आई मराठीत विचारायची आणि आम्ही हिंदीत उत्तर द्यायचो. पहिल्याच दिवशी बाईंनी माझी मराठी ऐकली आणि कपाळाला हात लावला. "तुमची मराठी भोसल्यांच्या घोड्यावरून उतरली वं, अन् गावात रस्ता चुकली," म्हणाल्या. त्यानंतर मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातला ठेचा खायचा आणि मराठीत बोलायचं, हा मला नेमच घालून दिला. ठेचा असा जहाल असे की डोळ्यांतून पाणी येई, आणि त्या अवस्थेत माणसाला कुठलीच भाषा धड बोलता येत नाही. तरी मी शिकले. आज हे जे लिहिते आहे ते त्या ठेच्याच्या जोरावर.

बाई काही थोर वगैरे नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. शाळेत वेळेवर आलेलं मी त्यांना फार कमी पाहिलं. उशीर झाला की खापर ऑटोवाल्यावर फुटे. मीटिंगमध्ये प्रिन्सिपल साहेब बोलायला उभे राहिले की बाईंचे डोळे मिटत आणि थोड्याच वेळात बारीक घोरणं सुरू होई. साहेब भले माणूस, ते आवाज थोडा चढवून पुढे बोलत राहत. दुसऱ्याच्या घरातल्या बातम्या त्यांना वर्तमानपत्राच्या आधी लागत. आणि पत्त्यांत त्या सरळ सरळ लबाडी करत. पकडलं तर म्हणत, "मंग पाह्यलं काहून नाही नीट?"

रायपूर राजधानी झालं ते हेच दिवस. भोपाळहून ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर त्यांची लेकरं आली. कुठल्याही गल्लीत लाल दिव्याची गाडी उभी दिसू लागली. आमच्या शाळेतही वर्षभरात वर्गांचे चेहरे बदलले. जशपूरहून, बस्तरहून, सरगुज्याहून मुलं आली. अर्धसैनिक दलातल्या जवानांची मणिपूर-नागालँडची मुलं आली, सिलतऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या बिहारी-ओडिया माणसांची मुलं आली. आणि त्यांच्याबरोबर आमच्या वर्गांत एक नवं बोलणंही आलं. शिवी म्हणावी तर शिवी नाही, मारामारी तर नाहीच. कुणी 'हो'ऐवजी गावाकडचं 'हव' म्हणून हजेरी दिली की मागून खिदळणं. सावळ्या मुलाला "रगड़ के नहाया करो" असा मायेचा सल्ला. "तू आदिवासी है? लगती तो नहीं!" अशी शाबासकी. बोलणाऱ्याला वाटे, आपण काय वाईट बोललो? आणि ऐकणारं मूल त्या दिवसापासून मागच्या बाकावर सरकायला लागे.

'हव'चा निकाल बाईंनी सुरुवातीलाच लावून टाकला. त्यांच्या तासाला कोंडागावची एक मुलगी हजेरीला 'हव' म्हणाली आणि वर्ग हसला. बाईंनी पुस्तक मिटलं. "हसले काहून? मेरे मायके में भी हवच बोलते. मेरी माय बोलती, मेरा बाप बोलता. अब बोलो, किस पे हसे? माय पे का बाप पे?" मग त्या पुढचं नाव वाचू लागल्या, आणि त्या मुलाने घाबरून 'हव' म्हटलं, त्याच्या पुढच्यानेही 'हव' म्हटलं. त्या वर्गाची हजेरी पुढे वर्षभर तशीच चालली. इंग्रजीच्या मॅडमना मात्र त्याचा फार त्रास झाला.

मुलांना सरळ करणं बाईंना सोपं जाई. खरं कौशल्य दिसायचं ते शिक्षकांच्या बाबतीत. आमच्यापैकी कुणाच्या तोंडून वर्गात काही वेडंवाकडं निघून गेलं आणि मागाहून ते खटकायला लागलं, की तो माणूस चोरासारखा बाईंच्या खुर्चीजवळ येऊन बसायचा. बाई त्याला झापत नसत. पहिला प्रश्न एकच असे, "शब्द काय होता? तोच सांग. गोल नोको करू." माणूस म्हणे, "माझ्या मनात तसं काही नव्हतं हो." त्यावर त्या म्हणत, "मनात काय होतं ते घरच्या देवाले सांग. लेकराले मन नाही ऐकू आलं, शब्द ऐकू आला." आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "सांडलं कुठं? वर्गात ना? मंग वर्गातच पुसायचं. ऑफिसात पोछा मारून काय फायदा?"

खुद्द ठाकूर सरांवर ती वेळ आली. मणिपूरच्या एका जवानाचा मुलगा फुटबॉल असा सुंदर खेळायचा की सर खुशीत ओरडायचे, "शाबाश चाइना! पास दे चाइना!" मुलंही ओरडायची. एक दिवस तो मुलगा ग्राउंडवर येईनासा झाला. सर कासावीस झाले, कारण सामना तोंडावर आलेला. बाईंजवळ येऊन म्हणाले, "बाई, मैं तो प्यार से बुलाता था." बाईंनी विचारलं, "नाम क्या है उसका?" नाव सरांना माहीतच नव्हतं. त्या मुलाचं नाव इबोमचा होतं. पुढे आठवडाभर आमचे हे धिप्पाड सर चहाचा कप हातात धरून भिंतीकडे तोंड करून 'इबोमचा, इबोमचा' घोकत होते, आणि मध्येच 'इबो चमचा' होऊन जायचं की स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायचे. मग एका दुपारी सगळ्या टीमपुढे त्यांनी ते नाव बिनचूक घेतलं, वर सांगितलं की आजपासून दुसरं नाव घेईल तो मैदानाला चकरा मारेल. पहिली चक्कर सरांनाच मारावी लागली, जुनी सवय. पण इबोमचा खेळायला आला, आणि सर त्या दिवशी सगळ्यांशी फार गोड वागले.

हे सगळं सांगितलं ते ज्या एका गोष्टीसाठी, ती नीलिमाची. नीलिमा आमच्याकडे नाच आणि गाणं शिकवायची. नागपूरची, लग्न होऊन रायपूरला आलेली, हसरी, सगळ्यांची लाडकी. त्या वर्षी राज्याच्या स्थापनादिनाचा कार्यक्रम मोठा करायचा असं ठरलं होतं. नवं राज्य, नवा हुरूप. प्रत्येक शाळेत त्या दिवशी बस्तरचा नाच व्हायलाच हवा, अशी जणू सरकारी आज्ञा निघाली होती. नीलिमाने आठवीच्या मुली घेतल्या. आठवी माझा वर्ग. त्यात अनुपा नावाची एक मुलगी होती, उरांव आदिवासी, जशपूरची. वडील मंत्रालयात अधिकारी म्हणून नुकतेच आलेले. मुलगी अबोल, अभ्यासात तल्लख, भूमितीची तर भलतीच आवड.

नीलिमाने अनुपाला पाहिलं आणि तिला आनंदच झाला. "अरे, ये तो हमारी ओरिजिनल है!" असं तिने सगळ्या मुलींपुढे म्हटलं, तिला ओढून पुढच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाली, तूच सगळ्यांना शिकव. अनुपा म्हणाली, मला हा नाच येत नाही. नीलिमाला वाटलं, लाजते आहे. त्या दिवसापासून अनुपाचं नाव 'ओरिजिनल' पडलं. वर्गात 'ओरिजिनल', बसमध्ये 'ओरिजिनल'. मग रंगीत तालीम आली. बाकीच्या मुलींच्या तोंडाला, हाताला तपकिरी रंग फासायचं काम चाललं होतं, आदिवासी दिसावं म्हणून. अनुपाची पाळी आली तेव्हा नीलिमा डबी बाजूला ठेवून कौतुकाने म्हणाली, "तुझे तो मेकअप की ज़रूरत ही नहीं!" मुली हसल्या. अनुपाही थोडंसं हसली, असं मला नंतर मुलींनीच सांगितलं. कवड्यांच्या माळा काढून तिने नीट गुंडाळून ठेवल्या आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी तिचे वडील आले, टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागायला. मी वर्गशिक्षिका, म्हणून मला ऑफिसात बोलावलं. शांत, नीटनेटके गृहस्थ. आवाज चढवला नाही, तक्रारीचा अर्जही आणला नाही. फक्त म्हणाले, "बेटी को दूसरे स्कूल में डालना है." प्रिन्सिपल साहेबांना घाम फुटला. मंत्रालयातला माणूस! ते म्हणाले, आम्ही सकाळच्या प्रार्थनेत बेटीचा सत्कार करतो, पुष्पगुच्छ देतो, 'हम सब एक हैं' यावर मी स्वतः बोलतो. ते ऐकून त्या गृहस्थांचा चेहरा आणखीच बंद झाला. साहेबांना सुचेना, मलाही सुचेना. मी जाऊन बाईंना घेऊन आले.

बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मनधरणी केली नाही. त्यांनी नुसतं विचारलं, बेटी काय म्हणते? वडील म्हणाले, "कुछ नहीं कहती. यही तो बात है, मैडम. मैं भी स्कूल में कुछ नहीं कहता था. मैंने सोचा था इसके साथ नहीं होगा." बाई म्हणाल्या, "टी.सी. आपका हक है, आज भी ले जाओ. कोई नहीं रोकेगा. पर क्लास में जो गिरा है, वो हम क्लास मेंच पोंछेंगे. सोमवार को. बच्ची आई तो भी, नहीं आई तो भी. आना कि नहीं आना, वो उसकी मर्जी. फूल-बील कुछ नहीं." गृहस्थ निघताना म्हणाले, "टी.सी. सोमवार को ही ले जाऊँगा." नेणार नाही, असं ते म्हणाले नाहीत.

रविवारी दुपारी मी नीलिमाला घेऊन रेल्वे कॉलनीत बाईंच्या घरी गेले. तिचे डोळे रडून सुजले होते. तिने राजीनामा द्यायचं ठरवलं होतं, कारण आता आपल्याला कुठल्याच वर्गापुढे उभं राहता येणार नाही असं तिला वाटत होतं. बाई मेथी निवडत होत्या. नीलिमा म्हणाली, "बाई, मी तर तिचं कौतुकच करत होते हो." बाई म्हणाल्या, "हव, कौतुकच केलं तू. पण कोनाचं केलं? त्या पोट्टीचं, का तिच्या चामडीचं?" बाई मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाल्या, "अन् जशपूर कुठं, बस्तर कुठं वं! राज्याच्या या टोकाले एक, त्या टोकाले एक. मी मराठी हाये म्हणून उद्या मले कोनी कोळ्यायचा नाच शिकवायले लावला, तं? मी तं समुद्र बी नाही पाह्यला." एवढ्या रडण्यातही नीलिमाला हसू आलं. बाईंना मच्छीची टोपली डोक्यावर घेतलेली कल्पून मलाही.

मग तालीम सुरू झाली. बाई अनुपा झाल्या. मेथीची परात मांडीवर घेऊन त्या भिंतीला टेकून बसल्या आणि नीलिमा समोर उभी राहिली. पहिल्यांदा ती बरंच काही बोलली आणि निम्म्यातच तिचा हुंदका फुटला. बाईंनी हात वर केला. "रडणं काहाड. तू रडली तं त्या लेकराले तुले चूप करावं लागंल. तिनं तुले सांभाळायचं का तू तिले?" दुसऱ्यांदा नीलिमा म्हणाली, "मेरा इरादा..." बाई म्हणाल्या, "इरादा काहाड." पुढच्या वेळी ती आपल्या मणिपुरी मैत्रिणीबद्दल सांगू लागली. "मैत्रीण काहाड. तिले काहून आणतं मधात?" मग नीलिमाने 'अनुपा बहुत टैलेंटेड लड़की है' असं म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, "हे बी काहाड. नसती टैलेंटेड तं चाललं असतं का?" असं काढता काढता शेवटी चार-पाच वाक्यं उरली. ती नीलिमाला इतकी उघडी वाटायला लागली की म्हणाली, "बाई, एवढंच? फार थोडं वाटतं हो." बाई म्हणाल्या, "सांडलं बी थोडंच होतं ना. त्यावर घागर कायले ओततं?" मग मेथी माझ्याकडे सरकवून त्या उठल्या आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला.

सोमवारी मला भूक नव्हती, झोपही धड झाली नव्हती. पहिला तास सुरू झाला तरी अनुपाचा बाक रिकामा होता. नीलिमा दारात उभी. मी हजेरी घेत होते, मुद्दाम हळूहळू. तेवढ्यात व्हरांड्यातून वडिलांबरोबर अनुपा आली. वडील दाराशीच थांबले. ती आत येऊन मागच्या बाकावर बसली, पण दप्तर पाठीवरून काढलं नाही. दप्तर पाठीवर ठेवून बसलेलं मूल कधीही उठून जाऊ शकतं, हे मला त्या वेळी इतकं जाणवलं की मी पुढचं नाव वाचायचंच विसरले. नीलिमा फळ्यासमोर येऊन उभी राहिली.

ती म्हणाली, "मैंने अनुपा को ओरिजिनल कहा. वो गलत था. उसके रंग पर जो कहा, वो भी गलत था. उसका नाम अनुपा है. और चेहरे पर रंग लगाने का काम मैंने बंद कर दिया है, किसी को नहीं लगेगा." एवढंच. ती रडली नाही. आणि तेवढ्यात मधल्या रांगेतून एक मुलगा हळूच 'ओरिजिनल' म्हणाला आणि फिस्सकन हसला. याची तालीम झालेली नव्हती. बाईही तिथे नव्हत्या. नीलिमा त्या मुलाकडे वळली. रागावून नव्हे, खरोखर विचारावं तसं तिने विचारलं, "क्यों हँसे? मुझे समझाओ." मुलगा म्हणाला, "ऐसे ही, मैडम." "ऐसे ही क्या?" तो उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं. हसायला आता त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. "कुछ नहीं, मैडम," म्हणून तो बसला. वर्ग शांत झाला. मग मागून खुर्र असा आवाज आला. अनुपाने दप्तराची चेन उघडून वही काढली होती, आणि दप्तर बाकाखाली ठेवलं होतं. दाराशी बघितलं तर वडील जिन्याकडे निघाले होते, ऑफिसच्या दिशेने नव्हे, फाटकाच्या.

मी धावतच स्टाफरूममध्ये गेले. बाई आत्ताच येऊन टेकल्या होत्या, ऑटोवाल्याला बोल लावत. "झालं?" "झालं." "रडली?" "नाही." "मंग चहा सांग," म्हणाल्या. मी विचारलं, तुम्ही वर्गात का आला नाहीत? बाई म्हणाल्या, "मी असतो तं त्या पोट्टीनं माह्याकडे पाह्यलं असतं, अन् नीलूनं बी माह्याकडेच पाह्यलं असतं. दोघींनी एकमेकींकडे पाहावं म्हणून तं एवढं केलं." मग चहा आला, आणि चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं की बाई मघापासून रिकामाच कप तोंडाला लावत होत्या. त्याही घाबरल्या होत्या तर. ते बघून मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या डब्यातला ठेचा सकाळी सकाळीच खाल्ला.

कार्यक्रमात अनुपाने नाच केला नाही. तिला विचारलं, ती नको म्हणाली, विषय संपला. प्रिन्सिपल साहेबांना वाटत होतं, निदान निवेदन तरी करू दे. बाई म्हणाल्या, "काहून? बाकीच्यांले काहीतरी करच म्हणता का तुम्ही?" ती समूहगानात उभी राहिली, इतर मुलींबरोबर, तिसऱ्या रांगेत. नाचणाऱ्या मुली आपापल्या रंगाच्या चेहऱ्यांनी नाचल्या आणि काही आकाश कोसळलं नाही. सगळ्यांचं सगळंच बदललं असं मात्र कुणी समजू नये. आमच्यातल्या काहींना अजूनही तो सगळा प्रकार 'तिल का ताड़' वाटतो, आणि 'नहा के आया करो' पुढेही मी ऐकलं. पण नीलिमाने राजीनामा दिला नाही. ती आजही शिकवते, आणि छान शिकवते.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं वर्ध्याला परत जायला निघाली. शाळेतल्या शेवटच्या दिवशी बाईंना निरोप देऊन झाला, भाषणं झाली. बाई भाषणांत झोपल्या नाहीत, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. मी त्यांच्या पिशव्या घेऊन फाटकापर्यंत आले. ऑटो उभा होता. बाईंचा पाय निघत नव्हता. "पोट्टे, त्या पोट्टीकडे ध्यान ठेवजो," त्या परत परत म्हणत होत्या, "चूप राहणारी हाये ते. चूप लेकराचं काही समजत नाही." मी हो हो म्हणत होते, पण खरं तर मलाही तीच काळजी होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं. अनुपाच होती. मला वाटलं, बाईंच्या पाया पडायला आली असेल. पाया पडणं राहिलं बाजूला, ती तावातावाने बोलायलाच लागली. "मैडम, आप जाने से पहले नीलिमा मैडम को बोलिए ना! बात सब करते हैं और डाँटती मुझे हैं! अभी भी पूरी क्लास के सामने डाँट दिया. और मैं तो उस वक़्त बात कर भी नहीं रही थी, वो तो सीमा कर रही थी. ये कोई बात हुई?" फाटकावरचा चौकीदारही वळून बघू लागला, एवढा तिचा आवाज. बाईंनी सगळी तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "मेरेको काहून बोलती? जिसने डांटा उसको बोल." "बोलूँगी ही! अभी बोलती हूँ!" म्हणत अनुपा तशीच पाय आपटत परत इमारतीत गेली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. ऑटोत बसून त्यांनी माझ्या हातातली शेवटची पिशवी घेतली, मांडीवर ठेवली. "भांडून राहिली वं ते," म्हणाल्या. "मास्तरणीशी भांडून राहिली! आता काही ध्यान ठेवू नोको तिच्याकडे. चल भैया, स्टेशन."